एका थेंबाला पावणेतीन तास

[दृश्य: ड्रोनमधून सिद्धेश्वर तलाव, मधोमध मंदिर, कडेनं गाव]

सोलापूरवरचा प्रत्येक व्हिडिओ इथूनच सुरू होतो. आमचाही झाला. आता खाली उतरू.

[दृश्य: सोलापूर स्टेशन, सकाळ. चिकटपट्टी गुंडाळलेला थर्माकोलचा डबा]

सकाळची हुतात्मा एक्सप्रेस, पुण्याकडं निघालेली. खिडकीशी, मांडीवर डबा घेऊन बसलेल्या या बाई रसायनशास्त्र शिकवतात. शेजारच्या आजोबांनी आत्ताच विचारलं, डब्यात मासे आहेत का. त्या म्हणाल्या, नाही, ज्वारी. आजोबांचा चेहरा बघा.

डब्यात खरंच ज्वारी आहे. मालदांडी. फक्त ती आता बोटाच्या पेराएवढ्या आठ नळ्यांच्या तळाशी, दिसेल न दिसेल अशा पांढुरक्या डागाएवढी उरली आहे. तिच्यातली प्रथिनं ओळखायचं यंत्र पुण्यात आहे, म्हणून हा प्रवास.

चित्रीकरणाला होकार देताना त्यांची एकच अट होती, नाव घ्यायचं नाही. विद्यार्थी त्यांना मॅडम म्हणतात. आम्हीही तेच म्हणणार.

[दृश्य: यंत्रमाग. भोकं पाडलेले पत्ते फिरताहेत, चादरीत मोर उतरतोय]

मॅडमचे वडील मागावर होते. हा माग त्यांचा नव्हे, पण असाच.

मागाची दृश्यं इतकी छान आली की आम्ही मॅडमना एक उपमा ऐकवली. पत्त्यांवरच्या भोकांप्रमाणे चादरीत मोर उमटतो, तशीच जनुकातल्या मजकुराप्रमाणे पेशीत प्रथिनाची साखळी विणली जाते. मॅडमना ती अर्धीच पटली. त्यांचं म्हणणं, माझं काम याच्या उलट आहे. विणलेली चादर उसवायची, धागे कातरायचे, एकेक तुकडा तोलायचा आणि त्या वजनांवरून सांगायचं की यात मोर होता.

तोलणारं यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. पुस्तकात त्याला वस्तुमान वर्णपटमापक म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे नुसतं ‘मास’ म्हणतात.

[दृश्य: तव्यावर फोडलेलं अंडं, पांढरं घट्ट होताना]

यंत्राची कल्पना शंभर वर्षांपूर्वीची. केंब्रिजमध्ये फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी १९१९ मध्ये अशा यंत्रावर अणू तोलले आणि १९२२ चं नोबेल मिळवलं. पण प्रथिनं बरीच वर्षं त्याच्या हाती लागली नाहीत. तोलायचं तर रेणू हवेत उडाला पाहिजे आणि त्याच्यावर विद्युतभार पाहिजे. प्रथिनाला नुसती आच दिली तर ते उडत नाही. त्याचं असं होतं.

मग जपानमधल्या शिमाझू कंपनीतल्या कोइची तानाका यांच्या हातून १९८५ मध्ये एक चूक झाली. कोबाल्टच्या अतिबारीक भुकटीत त्यांनी चुकून ग्लिसरीन ओतलं. भुकटी महाग होती, फेकवेना. तेच मिश्रण वापरून त्यांनी लेझरचा झोत टाकला आणि मोठा रेणू न मोडता उडाला. तिकडं अमेरिकेत जॉन फेन यांनी दुसरी वाट काढली. प्रथिनाचं द्रावण बारीक सुईतून, उच्च विद्युतदाबाखाली फवारायचं. २००२ चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांना, कुर्ट व्यूथ्रिच यांच्यासोबत, विभागून मिळालं. फेन तेव्हा ८५ वर्षांचे होते, तानाका ४३.

[दृश्य: वहीत चिकटवलेलं पिवळं कात्रण]

त्या वर्षी मॅडम पदवीच्या वर्गात होत्या. तानाकांकडं पीएच.डी. नव्हती, होती ती विद्युत अभियांत्रिकीची साधी पदवी. एवढ्या एका ओळीसाठी हे कात्रण कापलेलं आहे. ओळीखाली पेनानं रेघ आहे, बघा.

[दृश्य: चार फोटो, एकामागून एक]

पुढं पुण्यात पीएच.डी., मग परदेशात संशोधन. त्या वर्षांचे फोटो चारच मिळाले आणि त्यातल्या तीनांत बर्फ आहे. चौथा वडिलांसोबतचा, विमानतळावरचा. तो शेवटचा.

[शांतता, फोटो थोडा वेळ राहू द्यावा]

परत आल्या त्या सोलापुरातच. आजही तासिका तत्त्वावर शिकवतात.

[दृश्य: प्रयोगशाळेचं दार. चप्पल काढणं, केस टोपीत, हातमोजे]

इथं आम्हाला आधी बाहेरच थांबवलं. प्रथिनांच्या प्रयोगशाळेत सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे माणूस. केस, नखं, त्वचेची उडणारी खपली, सगळ्यात केराटिन हे प्रथिन. ते नमुन्यात पडलं की यंत्र इमानेइतबारे तेच मोजून देतं, आणि ज्वारीच्या जागी निवेदकाचा कोंडा छापून येतो. लोकरीतही केराटिनच असतं. आमच्या कॅमेरामनच्या खांद्यावरची घोंगडी बाहेर ठेवावी लागली. सोलापुरी चादर चालली असती. ती सुती, म्हणजे सेल्युलोज, प्रथिन नव्हे.

[दृश्य: खलबत्त्यात ज्वारी. पाण्यात पीठ, मग अल्कोहोलात]

ही मालदांडी. रब्बीची, कमी पाण्यावर येणारी. एम ३५-१ नावाचा तिचा प्रसिद्ध वाण आपल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रात, १९३० च्या दशकात निवडला गेला. दाण्यातल्या प्रथिनांपैकी निम्म्याहून जास्त वाटा काफिरिन नावाच्या गटाचा. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून अल्कोहोल. त्याच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या टाक्यांनी शिवलेल्या असतात. पिठात पाणी घालून शिजवलं की हे टाके वाढतात आणि प्रथिन पचायला आणखी जड होतं. भाकरी खाणाऱ्या गावाला यात रस असायला हवा.

हे टाके एका रसायनानं उसवले. परत जुळू नयेत म्हणून दुसऱ्यानं टोकं बांधली. ही पायरी अंधारात करतात, म्हणून पडदा काळा दिसतोय. कॅमेरा ठीक आहे.

[दृश्य: ३७ अंश दाखवणारी पेटी. रात्रीचे साडेनऊ]

आता कातरणं. त्यासाठीची नेहमीची कात्री म्हणजे ट्रिप्सिन, आपल्या आतड्यातलंच पाचकद्रव्य. म्हणून पेटीत शरीराचं तापमान, ३७ अंश. ट्रिप्सिन साखळी कुठंही कापत नाही. लायसिन किंवा आर्जिनिन हे अमिनो आम्ल, म्हणजे साखळीतला दुवा, आलं की त्याच्या पुढं कापतं. रात्रभर ठेवायचं, सकाळी तुकडे तयार.

मालदांडीचे झाले नाहीत. पहिल्या खेपेला मॅडमना वाटलं, ट्रिप्सिन खराब झालं. दुपारभर लाईट गेली होती, फ्रीज बंद होता. नवं मागवलं, तरी तेच. दोष कात्रीत नव्हता. काफिरिनमध्ये लायसिन जवळपास नसतंच, आर्जिनिनही थोडंच, कात्रीला कापायला जागा सापडेना. मग दुसरी कात्री आणली, कायमोट्रिप्सिन. ती फेनिलअ‍ॅलानिन, टायरोसिन, ल्युसिन यांच्यापाशी कापते, आणि ल्युसिन इथं भरपूर.

[दृश्य: चुलीवर भाकरी, शेजारी कढईत पिठलं रटरटतंय]

हे दृश्य आम्ही भूक लागली म्हणून घेतलेलं. संकलनाच्या वेळी मॅडमनीच दाखवलं की ते इथं बसतं. लायसिन आपलं शरीर स्वतः बनवत नाही, ते जेवणातूनच यावं लागतं. ज्वारीत ते कमी, हरभऱ्यात मुबलक. ट्रिप्सिनला जे सापडलं नाही, ते या कढईत आहे.

[दृश्य: पुणे. जाड काचेमागं यंत्र. सुईचं टोक, दिव्याच्या झोतात धुक्याचा तुरा]

डबा पोचला. सुकवलेले तुकडे पुन्हा थेंबभर पाण्यात. आम्हाला काचेबाहेरूनच चित्रण करता आलं, पण हे एक दृश्य मिळालं तेवढं पुरे.

केसाएवढ्या नळीतून द्रावण येतंय. वेग मिनिटाला ३०० नॅनोलिटर, म्हणजे एक साधा थेंब संपायला पावणेतीन तास. टोकाशी दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब. थेंब ताणला जातो, त्याला टोक येतं, टोकातून धुकं सुटतं. धुक्याचा कण सुकत जातो आणि शेवटी उरतो भार घेतलेला एक तुकडा. तो पोकळीत ओढला जातो, तोलला जातो, वायूच्या रेणूंवर आपटून मोडला जातो, आणि मोडलेले भाग पुन्हा तोलले जातात. दोन शेजारच्या भागांच्या वजनातला फरक म्हणजे मधलं एक अमिनो आम्ल. फरक ५७ आला तर ग्लायसिन, ७१ आला तर अ‍ॅलानिन. ११३ आला तर मात्र ल्युसिन किंवा आयसोल्युसिन. त्या जुळ्यांचं वजन तंतोतंत सारखं. आणि आपल्या ज्वारीत ११३ पावलोपावली.

मॅडम बाकावर बसून आहेत. पावणेतीन तास. यंत्र सोलापुरात असतं तर एवढ्यात दोन तास घेऊन झाले असते, हे वाक्य आमचं.

[दृश्य: सोलापूर, रात्र. लॅपटॉपवर उभ्या रेषांचं रान]

निकाल आले. काही प्रथिनं सापडली, काम छापायला जाईल.

आता या करड्या रेषा, न ओळखलेल्या तुकड्यांच्या. तुकड्यांची वजनं माहीत असलेल्या प्रथिनांच्या यादीशी जुळवून प्रथिन ओळखतात. ही यादी जनुकांवरून काढतात. ज्वारीचा जनुकसंच २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, तो बीटीएक्स-६२३ या अमेरिकन वाणाचा. जगभर संदर्भाला मुख्यतः तीच यादी घेतात. मालदांडीच्या जनुकात जिथं अक्षर वेगळं पडून अमिनो आम्ल बदलतं, तिथं तुकड्याचं वजन वेगळं. यादीत ते नाही, म्हणून संगणक तुकडा बाजूला टाकतो. चांगला, स्पष्ट, आणि तरीही बिनओळखीचा.

मॅडम ते पुसत नाहीत. त्यांच्या लॅपटॉपवर यासाठी एक वेगळा फोल्डर आहे. नाव दिलंय ‘मोहोळ’.

[दृश्य: फोल्डर उघडतो, यादी खाली सरकत राहते. आवाज बंद]