कुंभार्ली उतरताना

[दृश्य: पहाटेचं पोफळी. मागे सह्याद्रीची काळी भिंत.]

चिपळूणहून कऱ्हाडकडे निघालं, की पोफळी सोडल्यावर रस्ता चढणीला लागतो. हा कुंभार्ली घाट. याच डोंगराच्या पोटात 1960च्या दशकापासून कोयनेची वीज तयार होते. वरचं पाणी बोगद्यातून खाली येतं, टर्बाइन फिरवतं आणि वाशिष्ठीला मिळतं. उंचावरून खाली येणाऱ्या वजनातून वीज काढता येते, हे चिपळूणकरांना दोन पिढ्या ठाऊक आहे. आज तेच काम एक चारचाकी करणार आहे.

इलेक्ट्रिक गाडी दारात आली, की पहिला प्रश्न ठरलेला: "एका चार्जिंगला किती जाते?" पण टाकी मोठी असली तर गाडी लांब जाणारच, त्यावरून ॲव्हरेज कसं कळणार? 2023 मध्ये आलेल्या नेक्सॉन ईव्हीच्या लाँग रेंज मॉडेलची बॅटरी 40.5 युनिटांची, कंपनीचा आकडा 465 किलोमीटर. त्याच वर्षीच्या एमजीच्या छोट्या कॉमेट गाडीची बॅटरी 17.3 युनिटांची, आकडा 230. आता भागाकार करा. शंभर किलोमीटरला नेक्सॉनला लागतात सुमारे 8.7 युनिटं, कॉमेटला 7.5. निम्मीच मजल मारणारी गाडी विजेला मात्र काटकसरी निघाली.

हे आकडे चाचणीच्या रोलरवरचे. तिथं घाट नाही, आषाढातला पाऊस नाही, डिकीत आंब्याच्या पेट्या नाहीत. रस्त्यावर युनिटं वाढतातच. हायवेला वेग साठवरून नव्वदवर नेला, की हवेचा अडसर सव्वादोन पट होतो. तिथं गाडीचा आकार बोलतो. घाटात बोलतं वजन.

[दृश्य: घाटातलं वळण. डॅशबोर्डवरचा टक्क्यांचा आकडा, अगदी जवळून.]

माणसांसकट दीड टनाची गाडी पाचशे मीटर वर न्यायची, तर नुसतं ते वजन उचलायलाच दोन युनिटं लागतात. 24 युनिटांच्या बॅटरीतले आठ टक्के! शिवाय रस्ता कापायची वीज वेगळी. आकडा असा भराभर उतरताना पाहून नवखा माणूस धास्तावतो. धास्तावू नका, वर पोचा, चहा घ्या आणि परत फिरा.

[दृश्य: उतार. आवाज फक्त टायरचा.]

ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. मोटार आता जनरेटर झाली आहे. चाकं तिला फिरवतात, ती गाडीला आवरते आणि वीज बॅटरीत पाठवते. आपल्या पुढच्या ट्रकमागून ब्रेक लायनरचा जळका वास येतोय. त्याची सगळी उतरण उष्णता होऊन हवेत चालली आहे. आपल्या उतरणीतली थोडी गाडी पुढं नेण्यात खर्ची पडते, उरलेल्यातली बरीचशी परत जमा होते. टक्क्याचा आकडा चक्क एकाने वाढतो. कितीदा पाहिलं तरी याचं अप्रूप जात नाही.

एक गोष्ट मात्र सांभाळा. घाटमाथ्याला चार्जिंग केलंत, तर बॅटरी शंभर टक्के भरू नका. भरलेल्या घागरीत पाणी कुठं मावणार? उतारावरची वीज घ्यायला जागाच उरत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

पेट्रोलशी तुलना करायची तर एका लिटरमध्ये साधारण नऊ युनिटं ऊर्जा असते. पंधराचं ॲव्हरेज देणारी गाडी शंभर किलोमीटरला साठ युनिटं जाळते, त्यातली बहुतेक इंजिन तापवण्यात. वीज जयगडच्या कोळशावर चालणाऱ्या केंद्रातली असेल, तर त्या केंद्रातला तोटाही हिशेबात धरायला हवा. तो धरूनही इलेक्ट्रिक गाडी पुढं राहते.

[दृश्य: चिपळूण. पडवीतला मीटर, लुकलुकणारा लाल दिवा.]

खरं ॲव्हरेज इथं कळतं. गाडीचा पडदा बॅटरीतून गेलेली वीज दाखवतो. मीटर चार्जिंगमध्ये वाया गेलेली दहा-पंधरा टक्केही मोजतो, आणि बिल मीटरचंच येतं. म्हणून प्लग लावण्याआधी आकडा टिपायचा, सकाळी पुन्हा टिपायचा. या घरात तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी, पेन्सिलीनं: किलोमीटर इतके, युनिटं इतकी, आणि पुढं एक शब्द, "घाट".