स्पोर्टचे सर

(दृश्य: मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयाचं मैदान, दिवस उगवायचाय)

रसायनशास्त्र शिकवायला तीन-चार प्राध्यापक असतात. खेळाला एक. कबड्डी, कुस्ती, खो-खो, धावणं, बुद्धिबळ, सगळं मिळून एकच माणूस बघणार. पदाचं नाव भारदस्त: शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक. पोरं म्हणतात, स्पोर्टचे सर.

हे पद मिळवायला पळूनही दाखवावं लागतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने १२ मिनिटांत १८०० मीटर अंतर कापायचं, महिला उमेदवाराने ८ मिनिटांत १००० मीटर. इतिहासाच्या प्राध्यापकाला असं कुणी पळवत नाही.

(दृश्य: चुन्याने आखलेला ट्रॅक, धावणारी मुलं-मुली)

आता मैदानाकडे बघा. ही गर्दी खेळाडूंची वाटेल, पण यातले बरेच जण भरतीवाले आहेत. पोलीस शिपाई व्हायचं तर मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणी ५० गुणांची. याच गर्दीत एखाद्याची ढांग लांब पडते, त्याला दम उशिरा लागतो. सरांची नजर तिथंच असते.

"पंधराशेला नाव देतो तुझं."

"सर, सर्टिफिकेट चालंल का भरतीला?"

या प्रश्नाला शहरातली माणसं हसतील. हसू नये. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि कोरडवाहू दोन एकरांवर जगणाऱ्या घरात खेळाला परवानगी मिळते ती बहुतेकदा याच आशेवर. सगळीच प्रमाणपत्रं चालत नाहीत. क्रीडा खात्याकडून पडताळणी करून घ्यावी लागते. कोणतं चालतं, कोणतं नाही, हे समजावणं हीसुद्धा सरांचीच शिकवणी.

(दृश्य: रस्त्याकडेला ऊसतोड कामगारांचा ट्रक, त्यात भांडीकुंडी)

दसरा-दिवाळीच्या सुमारास दोन हंगाम एकदम सुरू होतात. एक आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा, दुसरा ऊसतोडीचा. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला कोयता घेऊन निघावंच लागतं. धाकट्या भावंडांना आणि म्हाताऱ्या आजीला कोण बघणार? घरी राहिलेली मोठी मुलगी. आणि नेमकी तीच कबड्डी संघाची रेडर, म्हणजे चढाई करणारी, असते.

मग सर तिच्या गावी जातात. वडील फडावर असले तर फोन लावतात. "दादा, चारच दिवस. मॅडम आहेत सोबत. मुक्काम मुलींच्या वसतिगृहात, अन् पोरगी आणून सोडायची जबाबदारी माझी." डावपेच शिकवणं यापुढे सोपं म्हणायचं. मला विचाराल तर मराठवाड्यातलं निम्मं प्रशिक्षण असं ओसरीवर आणि फोनवर होतं. ते कुठल्याही अहवालात येत नाही.

(दृश्य: कुस्तीचा आखाडा; मग मांडव्याचा रस्ता)

आपली मोठी नावं मात्र दुसरीकडे घडली. पाटोद्याचा राहुल आवारे पुण्याच्या तालमीत तयार झाला. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि तिथं धावपटू झाला. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, रौप्य, २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. महाविद्यालयाच्या मैदानाला तो लाभलाच नाही.

(दृश्य: धाराशिव, खो-खोचा सराव)

धाराशिवची गोष्ट वेगळी. खो-खोला लागतं काय? दोन खांब आणि मऊ केलेली माती. तेवढ्यावर या शहराने पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू दिले. सारिका काळे इथलीच. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या हाताखाली ती घडली, २०१६ ला गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होती. २०२० ला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होती. गाव न सोडता एवढं झालं, कारण मैदानावरचा माणूस वर्षानुवर्षं तोच होता. हे पद रिकामं पडलं किंवा तासिका तत्त्वावर भरलं की ही साखळी तुटते. तासाचे पैसे घेणाऱ्याने पहाटे पाचला का यावं?

(दृश्य: प्रवेशाची रांग)

बांधलेला संघसुद्धा फार दिवस हाती राहत नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची मर्यादा पंचवीस. त्याआधीच कुणी भरती होतं, कुणाचं लग्न ठरतं, कुणी पुण्याला कंपनीत लागतं. म्हणून प्रवेश सुरू झाले की स्पोर्टचे सर कार्यालयातल्या लिपिकाशेजारी खुर्ची टाकून बसतात. अर्जावरचे गुण लिपिक बघतो. सर खांदे बघतात, उंची बघतात, आणि एकेकाला विचारतात, "शाळेत काय खेळत होतास रे?"