निबंध तपासू नका, ऐका
(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘इंग्रजी साहित्य व लेखन : वैयक्तिक अध्यापनाची गरज’. हे नाव कार्यवाहांचं, पाप माझ्या माथी नको. मला एवढंच सांगायचंय की मुलाचा निबंध तपासायचा नसतो, ऐकायचा असतो. त्यानं समोर बसून तो मोठ्यानं वाचायचा. लाल पेन तेवढा वेळ पर्समध्ये.

इथल्या निम्म्या मंडळींनी कवितेचं रसग्रहण लिहिलं असेल. उरलेल्यांनी ते पाठ केलं असेल. (हशा.) क्लासमध्ये मिळणारा तो मजकूर तुम्हाला ठाऊक आहे. आधी कवीचं नाव, मग ‘ही अत्यंत हृदयस्पर्शी कविता आहे’, मग अलंकारांची शोधमोहीम. अनुप्रास सापडला की घबाड मिळाल्याचा आनंद! आणि शेवटी संदेश. कविता युद्धावरची असली तरी संदेश हाच, की निसर्गावर प्रेम करा.

माझ्याकडे अकरावीतला एक मुलगा यायचा. म्हणजे आई पाठवायची. वर्ड्‌स्वर्थच्या ‘डॅफोडिल्स’वर, म्हणजे एकट्यानं भटकताना तळ्याकाठी दिसलेल्या फुलांवरच्या इंग्रजी कवितेवर, त्यानं लिहून आणलं : कवी एकाकी होता, फुलांनी त्याला सोबत दिली. मी विचारलं, “अरे, पण तो एकटा होता कुठे?” आणि त्याच्या बहिणीच्या, डोरोथीच्या रोजनिशीतलं पान पुढे ठेवलं. १५ एप्रिल १८०२. अल्सवॉटर तळ्याच्या काठानं भावंडं चालली आहेत, वारा सुटलाय, आणि फुलं डोलतायत, नाचतायत हे सगळं तिनं त्यात टिपलंय. काही फुलं दमून दगडांवर उशीसारखी मान टेकतायत, असंसुद्धा. कविता त्यानंतर दोनेक वर्षांनी लिहिली गेली आणि छापली गेली १८०७ मध्ये. शिवाय ती फुलं पुढे मनाच्या डोळ्यांपुढे लखलखतात, या अर्थाच्या त्या दोन प्रसिद्ध ओळी त्याच्या बायकोच्या, मेरीच्या. एकट्या पुरुषाच्या या कवितेत घरातल्या दोन बायकांचा हात आहे. टाळ्या नकोत, वेळ जातो. जाता जाता सांगते, या कवीचा नातू, त्याचंही नाव विल्यम वर्ड्‌स्वर्थच, आपल्या पुण्यात डेक्कन कॉलेजचा प्राचार्य होता.

तर मुलगा म्हणाला, “मॅडम, म्हणजे कवी खोटं बोलला?” मी म्हटलं, “पुढच्या आठवड्यात लिहून आण आणि वाचून दाखव.”

आला. वाचायला लागला. ‘हृदयस्पर्शी’पाशी अडखळला आणि म्हणाला, “हे मोठ्यानं वाचायला कसंतरी वाटतं.” स्वतःच काट मारली. मग पुढचं वाचलं. बहिणीला कवितेत घेतलं असतं तर माणसं दोन झाली असती, आणि दोघांपुढे दहा हजार फुलं तितकी वाटली नसती. एकटाच पाहिजे!

मला सांगा, हे मी त्याच्या वहीत लाल शाईनं काय लिहिलं असतं म्हणजे सुचलं असतं?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, म्हणजे मुख्य विषय आता सुरू करते. (हशा.)

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. आणि लंडनचं तेव्हाचं काम मुख्यतः परीक्षा घेण्याचं. म्हणजे आपल्याकडे पेपर आला, शेजारी बसणारा शिक्षक आला नाही. ऑक्सफर्डात इंग्रजीचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम सुरू झाला १८९४ मध्ये, आपल्या विद्यापीठानंतर कितीतरी वर्षांनी. पण तिथे ट्युटोरियलची रीत आधीपासून होती. विद्यार्थ्यानं निबंध लिहून आणायचा, गुरूला वाचून दाखवायचा, आणि गुरूनं मध्येच थांबवून ‘कशावरून?’ विचारायचं. इंग्रजी घेतलं, ‘कशावरून’ तिथेच राहिलं.

आता पद्धत, भराभर. एका बैठकीला एकच प्रश्न विचारा. व्याकरण शेवटी, निम्म्या चुका मूल वाचता वाचता स्वतःच पकडतं. नवा विषय देऊ नका, तोच निबंध पुन्हा लिहायला लावा. मोबाइलवरून यंत्राकडून लिहून घेतलेला निबंध ओळखायलाही दुसरं काही लागत नाही. मूल स्वतःच्याच वाक्यांना ठेचकाळतं.

वर्गात साठ मुलं असतात, हे कुणीतरी विचारणारच, तर आत्ताच सांगते. शनिवारी दोन मुलं शाळा सुटल्यावर थांबवा, प्रत्येकी पंधरा मिनिटं. वर्षभरात जवळजवळ सगळ्यांची पाळी येते. हे शिक्षकाच्या कामाच्या तासांत धरलं गेलं पाहिजे, आणि त्यावर मला आणखी अर्धा तास बोलायचं होतं, पण कार्यवाह उभे राहिले आहेत.