पेनीला मिळणारा कबुलीजबाब

मंडळी, एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या गल्ल्यांमधून खून आणि फाशीच्या बातमीचा एक कागद विकला जाई. हा कागद एकाच बाजूनं छापलेला असे. वर लाकडी ठशाचं चित्र : तुरुंगाची भिंत, फाशीचा खांब, लोंबणारा देह. ठसा वर्षानुवर्षं तोच. आज फासावर गेलेल्याशी त्या चित्राचा काडीचा संबंध नसे. मधे खटल्याची हकिगत आणि तळाला गाणं. किंमत एक पेनी, कधी अर्धीच.

लंडनच्या सेव्हन डायल्स या गरीब वस्तीत जेम्स कॅटनाकनं १८१३ साली या धंद्याचा छापखाना घातला. फेरीवाले तांब्याच्या नाण्यांत पैसे चुकते करत. रोगराईच्या भीतीनं तो ती नाणी पोटॅश आणि व्हिनेगरमध्ये उकळून घ्यायचा, असं सांगतात. ती नाणी मला डोळ्यांसमोर दिसतात. किती कष्टाच्या हातांतून ती तिथवर आली असतील! वर्तमानपत्रावर १८५५ पर्यंत मुद्रांक कर होता, त्यामुळे ते या हातांना परवडतच नव्हतं. खुनाची बातमी त्यांच्यापर्यंत यायची ती गल्लीत ओरडत फिरणाऱ्या विक्रेत्याच्या तोंडून.

१८४९ मध्ये लंडनच्या बर्मंडसी भागात मारिया आणि फ्रेडरिक मॅनिंग या नवरा-बायकोनं पॅट्रिक ओकॉनरला मारलं आणि स्वयंपाकघराच्या फरशीखाली कळीच्या चुन्यात पुरलं. १३ नोव्हेंबरला दोघांना तुरुंगाच्या छतावर, हजारोंच्या गर्दीसमोर फाशी दिली. हेन्री मेह्यू या पत्रकारानं पुढे या विक्रेत्यांना बोलतं केलं. या एका प्रकरणाचे २५ लाख कागद खपले, असा आकडा त्यानं नोंदवला आहे.

या गाण्यांना चटकन पोवाडा म्हणावंसं वाटतं, पण पोवाड्यात शाहीर दुसऱ्याचा पराक्रम गातो. इथे कितीतरी गाण्यांत मरणाराच ‘मी’ म्हणून बोलतो : मी आईचं ऐकलं नाही, मी हात रक्तानं माखले, तरुणांनो, माझ्याकडे बघून शहाणे व्हा. लिहिणारा कुणी तिसराच. त्याला गाण्यामागे एक शिलिंग मिळे. फास आवळण्याआधीच हे ‘अखेरचे शब्द’ छापून, वाळून, फेरीवाल्याच्या काखेत तयार असत.

ही फसवणूक होती, मान्य. तरी हा प्रकार नुसता सवंग म्हणून बाजूला टाकायला माझं मन धजत नाही. चाल बहुधा सगळ्यांच्या ओळखीची असे. वाचता न येणारीही दोन-तीनदा ऐकून ते गाणं घरी नेई. आणि गाणं गायचं म्हणजे ‘मी’ म्हणावंच लागे. न्यायाधीश ‘तो’ म्हणाला, वर्तमानपत्र ‘ती’ म्हणालं, भांडी घासणारी मोलकरीण मात्र चुलीपुढे खुन्याचा ‘मी’ आपल्या गळ्यातून काढत होती.

मारिया मॅनिंग लग्नाआधी एका मोठ्या घरात मालकिणीची दासी होती.