जिन्यावरची नीळ : १४, हेन्रिएटा स्ट्रीट, डब्लिन

(दृश्य : चढाची दगडी गल्ली, दोन्ही बाजूंना विटांची उंच घरं.)

डब्लिनच्या उत्तर भागातली ही हेन्रिएटा स्ट्रीट. चार पावलं चढावं, तर समोर किंग्ज इन्स ही वकिलांची जुनी संस्था रस्ता अडवून बसलेली. घरं भिंतीला भिंत लावून ओळीत उभी आहेत. यांना जॉर्जियन घरं म्हणतात. जॉर्जिया देशाचा इथे काही संबंध नाही. १७१४ ते १८३० या काळात ब्रिटनच्या गादीवर एकामागून एक चार जॉर्ज बसले, त्यांच्यावरून पडलेलं हे नाव.

चौदा नंबरसमोर जरा थांबू. दर्शनी भिंतीवर नक्षी जवळपास नाहीच, सगळा डौल खिडक्यांच्या मापात आहे. तळमजल्याच्या वरचा मजला दिवाणखान्यांचा, म्हणून तिथल्या खिडक्या उंच. त्याहून वर जावं तशी उंची कमी होत जाते, कारण तिथे पाहुणे यायचे नाहीत. घरात कुणाचा मान किती, ते रस्त्यावरूनच कळायचं.

ल्यूक गार्डिनर या बांधकाम-व्यावसायिकाने १७४०च्या दशकाच्या अखेरीला हे घर बांधलं. पहिले रहिवासी लॉर्ड मोल्सवर्थ आणि त्यांचं कुटुंब.

(दृश्य : आतला दरवाजा. कॅमेरा हळूहळू वर.)

आत शिरल्यावर तेव्हा समोर यायचा तो भव्य जिना. तो चढायचा तो फक्त दिवाणखान्यापर्यंत. पाहुण्यांनी सावकाश चढावं, वरून कुणीतरी ते बघावं, यासाठीच तो होता. कोळसा, पाणी आणि कपड्यांची गाठोडी घेऊन नोकर मागच्या जिन्याने ये-जा करायचे.

१८०१मध्ये आयर्लंडची स्वतंत्र संसद संपली, कारभार लंडनला गेला आणि उमराव हळूहळू त्याच्या मागे गेले. १८४०च्या दशकातल्या आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळानंतर याच घरात कर्जात बुडालेल्या जमीनदारीचे खटले चालले. पुढे शिपाई राहून गेले.

मग १८७७ साल उजाडलं. थॉमस व्हान्स नावाच्या घरमालकाने हे घर घेतलं आणि तो भव्य जिना काढूनच टाकला. आजच्या डोळ्यांना हे पाप वाटतं. त्याचा हिशेब मात्र सरळ होता : जिन्याने अडवलेल्या जागेत खोल्या बसतात, आणि खोल्यांना भाडं येतं. एक, तीन आणि चार खोल्यांची मिळून १९ बिऱ्हाडं त्याने काढली. जाहिरातीत त्याने प्रतिष्ठित कुटुंबांना साद घातली होती : नळाचं पाणी, गॅस, जिन्याच्या टप्प्यावर संडास. पुण्याच्या वाड्यांत भाडेकरू शिरले, तसाच हा प्रकार. फक्त मधोमध चौक नाही, आणि थंडी हाडं गोठवणारी.

दिवाणखाना एका कुटुंबासाठी फार मोठा, म्हणून त्यात आडोसे घातले गेले. पण छत तेवढंच उंच राहिलं. शेकोटीची सगळी ऊब वर जायची, खाली माणसं कुडकुडायची. १९११च्या जनगणनेत या एका घरात १०० माणसं नोंदली गेली.

शहरभर असंच होतं. २ सप्टेंबर १९१३ला चर्च स्ट्रीटवरची अशीच भाडोत्री घरं कोसळून ७ जण मेले, तेव्हा चौकशी बसली. तिच्या अहवालात एकाच खोलीत राहणाऱ्या कुटुंबांचा आकडा आला २०,१०८.

(दृश्य : जिन्याची भिंत, अगदी जवळून.)

मोठा जिना गेल्यावर सगळ्या घराची ये-जा मागच्या जिन्यावर आली. त्याच्या भिंती बघा, लाल आणि निळ्या. लाल म्हणजे मेंढ्यांवर खूण करायला वापरतात तो गेरू. निळ्याला तिथे 'रेकिट्स ब्लू' म्हणतात; ही पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ. आपल्या घरची रॉबिन ब्लू याच रेकिटच्या घराण्यातली. उमरावांच्या घरातला सामाईक जिना रंगवायला हाताशी होतं ते हेच.

शेवटची कुटुंबं १९७०च्या दशकाच्या अखेरीला निघून गेली. पुढे डब्लिन महापालिकेने घर ताब्यात घेतलं, जवळपास १० वर्षं दुरुस्ती चालली आणि २०१८मध्ये ते संग्रहालय म्हणून उघडलं. जुन्या लिनोलियमचे (जमिनीवर अंथरायचं जाड आवरण), वॉलपेपरचे तुकडे जपून ठेवले आहेत. जिन्यावरचा तो गेरू आणि ती नीळही खरवडलेली नाही. पोपडे निघालेत, तरी तशीच.