पास फक्त आईलाच का?

आज समोर अंगणवाडीच्या ताई एवढ्या संख्येनं बसल्यात, म्हणून लेकरू माणसाशी कसं बांधलं जातं या आजच्या विषयाआधी दवाखान्याच्या एका पासची गोष्ट सांगतो.

मी चार वर्षांचा होतो. दिवाळी झाली की आईबाप कोयते घेऊन बारडोलीकडं ऊसतोडीला जायचे, ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सुमारास परतायचे. तोवर मी मोठ्या मायजवळ, म्हणजे आजीजवळ. इथं आजीच्या गोधडीत किती जण वाढले? हात वर करा. बघा, अर्धी सभा!

त्या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला. शहरातल्या दवाखान्यात मुलांच्या वॉर्डाचा पास एकच, तोही आईलाच. ‘आई कुठंय?’ ‘उसावर.’ ‘मग पोरगं ठेवा, तुम्ही बाहेर बसा.’ तीन रात्री म्हातारी जिन्याखाली बसली. संधी मिळाली की खिडकीच्या गजांतून हात आत घालायची. त्या बोटांचा मिश्रीचा वास अजून आठवतो. ‘मी आठेच शे, भाऊ,’ म्हणजे इथंच आहे. मग कुणीतरी तिला हाकलायचं, आणि मी रडायचो. तिसऱ्या दिवशी रडायचंही थांबलो. सगळे म्हणाले, पोरगं रुळलं.

चौथ्या दिवशी आई आली, तिला पास मिळाला. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो. हे तिला जन्मभर लागलं. ‘पोऱ्यानी माले वळखं नही,’ म्हणायची. आई, ओळखलं होतं गं. हे मला फार उशिरा कळलं, तेव्हा ऐकायला ती नव्हती.

कळलं ते ब्रिटिश समाजकार्यकर्ते जेम्स रॉबर्टसन यांच्या कामातून. १९५२ सालच्या चित्रपटात त्यांनी इंग्लंडमधल्या दवाखान्यातल्या एका दोन वर्षांच्या मुलीचे आठ दिवस दाखवले. आधी आक्रोश, मग खचणं, मग अलिप्तपणा. गप्प झालेलं मूल बरं झालेलं नसतं. १९५९ साली तिथल्या सरकारी समितीनंच पालकांना केव्हाही भेटू द्यावं, अशी शिफारस केली.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, म्हणून जाहीर केलेला विषय भराभर सांगतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हार्लो यांनी माकडांच्या पिल्लांना दोन खोट्या आया दिल्या; पिल्लांनी दूध देणारी तारेची आई सोडून कापडाच्या आईला कवटाळलं. म्हणजे माया नुसत्या दुधामागं जात नाही. मूल आणि सांभाळणाऱ्याच्या नात्याचा सिद्धांत मांडणारे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांना सांभाळणारी दाई ते जेमतेम चार वर्षांचे असताना निघून गेली. आईच गेल्यासारखं त्यांना वाटलं. त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ १९५४-५५मध्ये युगांडातल्या खेड्यांत घरोघर बसल्या. बाळाची हाक ओळखून धावणाऱ्या माणसाशी बाळ घट्ट बांधलं जातं, हे पुढं त्यांनी दाखवून दिलं. त्यांच्या वीसेक मिनिटांच्या प्रयोगात मूल आई जाताना किती रडलं यापेक्षा ती परत आल्यावर काय करतं, हे जास्त पाहतात. आखाजीला घरोघरी हेच घडतं, ताई.

म्हणून मागणी एवढीच. केसपेपरवर आईच्या नावाखाली एक ओळ हवी: ‘लेकरू रात्री कुणाजवळ झोपतं?’ पास त्या माणसाला द्या. अर्ज दाराजवळच्या टेबलावर आहे, जाताना सही करा. अंगठाही चालेल, मोठी माय अंगठाच करायची.