दुबईत रमजान: डब्याची काळजी सोडा, घड्याळ सांभाळा

नमस्कार मंडळी! रमजान जवळ आला की दुबईत नव्याने आलेल्यांचा प्रश्न ठरलेला: ऑफिसात डबा खायचा की नाही? खायचा. पॅन्ट्रीत बसून, रोजा धरलेल्या सहकाऱ्याच्या शेजारच्या टेबलावर नाही. 2021 पासून तर इथल्या रेस्टॉरंटना दिवसा पडदे लावायची सक्तीही उरलेली नाही. माणसं फसतात ती वेळेच्या हिशोबात.

खाण्याबद्दल दोनच गोष्टी. नोकरी दुबईत आणि घर शारजात, असं आपल्यापैकी अनेकांचं असतं. शारजात दिवसा खाद्यपदार्थ विकायला दुकानाला पालिकेचा वेगळा परवाना लागतो, त्यामुळे कोपऱ्यावरचा चहा मिळेलच असं नाही. आणि गाडी तुमची असली तरी सिग्नलला ती चारचौघांत उभी असते. बाटली, च्युइंगम, सिगारेट, व्हेप, सगळं मुक्कामाला पोचल्यावर. कुवेतला बदली झाली तर जास्तच जपा: तिथे 1968 च्या कायद्यानुसार दिवसा उघड्यावर खाल्लं तर 100 दिनारपर्यंत दंड, एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आता कामाचे तास. अमिरातीत खासगी नोकरीत रोजचे 2 तास कमी होतात, म्हणजे 8 चे 6. ही सवलत सगळ्यांना आहे, रोजा धरा अथवा न धरा. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जण गुपचूप पूर्ण वेळ बसतात! मॅनेजरने थांबवलं तर तो ओव्हरटाइम. अपवाद डीआयएफसीचा, म्हणजे दुबईतल्या आर्थिक मुक्त क्षेत्राचा: तिथला कायदा वेगळा आहे, सवलत फक्त रोजा धरणाऱ्या मुस्लिमांना. महत्त्वाची मीटिंग सकाळी 10 ते 12 मध्ये उरका. दुपारी तीनला समोरच्याने पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतलेला नसतो.

सगळ्यात वाईट वेळ म्हणजे मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, आधीचा तास. सगळं शहर एकदम घराकडे निघतं, भुकेल्या पोटी आणि वेगात. एक तर लवकर सुटा, नाहीतर अजान होऊ द्या आणि अर्ध्या तासाने निघा, रस्ते मोकळे मिळतात. नेमकं अजानच्या वेळी टॅक्सी शोधू नका, ड्रायव्हरही रोजा सोडत असतो.

ईदचं तिकीट काढताना लक्षात ठेवा: महिना 29 चा की 30 चा, हे 29 व्या संध्याकाळी चंद्र दिसतो की नाही यावर ठरतं. सुट्टी शव्वालचे, म्हणजे रमजाननंतरच्या महिन्याचे, पहिले तीन दिवस. रमजान 30 चा झाला तर तो तिसावा दिवसही सुट्टीत. म्हणून मुंबई-पुण्याचं तिकीट तारीख बदलता येईल असंच घ्या. (2025 मध्ये इथे ईद आणि गुढीपाडवा दोन्ही 30 मार्चला आले, तेव्हा श्रीखंड आणि शेवया एकाच दिवशी!)

आणि हा भाग नीट ऐका. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी लिहितं, "प्रत्येकी 50 दिरहम काढा, लेबर कॅम्पात इफ्तारचे डबे वाटू." हेतू चांगला, पण परवानगीशिवाय वर्गणी गोळा करणं अमिरातीत गुन्हा आहे. द्यायचंच असेल तर नोंदणीकृत संस्थेला थेट द्या, त्यांच्या अॅपवरून पाच मिनिटांचं काम.

कुणी इफ्तारला बोलावलं तर मगरिबच्या पंधरा मिनिटं आधी पोचा. अजान होईपर्यंत ताटाला हात नाही. आधी खजूर आणि पाणी, मग यजमान नमाज पढून येतात, मग खरं जेवण. भेट म्हणून खजूर किंवा मिठाई न्या, जिलेटिनची नको. शाकाहारी असाल तर हरीसपासून सावध: दिसायला गव्हाची खीर, पण त्यात मांस घोटून एकजीव केलेलं असतं. सांबुसाही, म्हणजे इथला समोसा, विचारूनच उचला. लुकैमात, म्हणजे खजुराच्या पाकात घोळवलेले तळलेले गोळे, बिनधास्त खा. फक्त गरम असतानाच, गार झाले की चिवट होतात.